ठेसन आमचं, नाव त्यांचं

आमचं ठेसन दोनदा बंद पडलं. दुसऱ्यांदा पडलं ते रूळ रुंद झाले तेव्हा. मार्ग जरा सरळ केला, ठेसन आडबाजूला राहिलं, आणि तोवर गावात एसटी येऊ लागली होती म्हणून कुणी हळहळलंही नाही. आज तिथं एक भिंत उभी आहे आणि तिच्या सावलीला मेंढरं बसतात. परवा नातवानं मोटारसायकलवर बसवून मला तिथं नेलं. म्हणाला, "आजी, ह्या खोपटासाठी एवढं?" म्हटलं, बाबा, हे खोपटं नसतं तर तुझी आजी म्हसवडकडच्या एखाद्या वस्तीवर हुलगे निवडत म्हातारी झाली असती, आणि तू तर नसतासच. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी मीठमसाला लावून सांगतेय. म्हणून ठेसन पहिल्यांदा बंद पडलं त्याची हकीकत इथं लिहून ठेवते. ते आमच्याच करणीनं बंद पडलं, आणि त्यात माझाही हात होता.

ठेसन होतं आमच्या बोरजाई गावच्या हद्दीत. रुळाला गेलेली जमीन आमची, खडी आमच्या माळावरची, विहीर आमची. पण पाटीवर नाव लागलं ओढ्यापलीकडच्या हिवरगावचं, कारण तिथं आठवड्याचा बाजार भरायचा आणि साहेबाच्या नकाशात तेच गाव होतं. झालं! माझ्या पणज्याच्या वेळच्या माणसांनी बोरजाई देवीच्या देवळात भंडारा उचलला, की ह्या फलाटावर बोरजाईचा माणूस पाय ठेवणार नाही. आमच्याकडं भंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. पोटची पोरं विकायची वेळ आली तरी तो मोडायचा नाही. तेव्हापासून आमच्या गावच्या माणसाला कराडला जायचं झालं, की तो कराडकडं पाठ करून उलट्या दिशेनं पाच मैल चालायचा, मोठ्या ठेसनावर गाडीत बसायचा, आणि तीच गाडी आमच्या शिवारात येऊन थांबली की तोंड फिरवून बसायचा. येतानाही तसंच. आपलं घर, आपली बैलं, दारात उभी असलेली आपली बायको खिडकीतनं दिसायची, पण उतरायचं नाही. पाच मैल पुढं जायचं आणि चालत परत यायचं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. पण सातारकडच्या माणसाला सांगून बघा, तो म्हणेल, "मग? बरोबरच हाय की!"

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन हवालदार होऊन आले होते. उंच, ताठ, पेन्शनीचा माणूस. गावात त्यांच्या शब्दाला वजन. गाडी आमच्या रानाजवळ थांबली की आबा डब्यात असे बसायचे की बघणाऱ्याला वाटावं ह्यांचा फोटो काढतायत. आणि गंमत अशी, की माझी आई हिवरगावची. ओढ्याच्या ह्या काठाला सासर, त्या काठाला माहेर. दोन्ही गावांत पोरी दिल्या-घेतल्या जायच्या, बारशाला बाळंतविडे जायचे, मयताला माणसं यायची, त्याला कुणाची आडकाठी नव्हती. भांडण तेवढं पाटीचं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ह्या बापय मानसांचं डोस्कं म्हंजी रिकामा रांजन. हात घातला की नुसता आवाज." आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, आणि आबा ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

घराला घड्याळ नव्हतं, ठेसन होतं. पहाटे जातं थांबायचं, मग मोटेची चाकं कुरकुरायला लागायची, आणि सिंगल पडल्याचा खटका ऐकू आला की आई तव्यावर शेवटची भाकरी टाकायची. ती भाकरी, वर हिरव्या मिरचीचा खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून मी पळत सुटायची. कारण मी कराडच्या इंग्रजी शाळेत जात होते. गावातनं जाणारी पहिली मुलगी. आबांनी हे कसं मान्य केलं ते मला आजही पुरतं उमगलेलं नाही. लष्करात शिकलेल्या माणसाचा मान त्यांनी बघितला होता, एवढंच मला वाटतं. पण पोरीनं रोज दहा मैल चालायचं कसं? आई आडवी पडली. "आवं, पोरगी शाळंत जातीया का वनवासाला?" मग आबांनी दोन दिवस विचार करून तोड काढली. फलाटावर पाय ठेवायचा नाही, एवढंच भंडाऱ्यात म्हटलंय; गाडीत बसायचं नाही असं काही म्हटलेलं नाही. तेव्हा इंदीनं, म्हणजे मी, पलीकडच्या बाजूनं, रानाच्या अंगानं गाडीत चढावं!

आणि तशी मी दोन वर्षं चढले. ठेसनावरचे पैंटमन, म्हणजे रुळाचे सांधे बदलणारे, रहमानचाचा माझ्यासाठी रुळाच्या त्या बाजूला एक लाकडी खोकं आणून ठेवायचे, माझा हात धरून वर चढवायचे आणि दार लावून घ्यायचे. गार्ड डोळे वटारायचा. रहमानचाचा त्याला म्हणायचे, "साब, इनके गाँव का मामला है, आप नहीं समझेंगे." मला म्हणायचे, "बेटी, तू शिकून मोठी हो आणि ह्या खुळ्यांना शहाणं कर." त्यांच्या दोन शेळ्या आणि कोंबड्या फलाटावर बिनधास्त हिंडायच्या. त्यांना कसली शपथ नव्हती. आता ह्यातली मेख सांगते. माझा महिन्याचा पास आबांनी मुद्दाम मोठ्या ठेसनाचा काढलेला. हिवरगावच्या नावाचा पास आपल्या पोरीच्या दप्तरात नको! म्हणजे मी रोज चढायची आमच्या ठेसनावर, आणि रेल्वेच्या लेखी मी तिथं कधी चढलेच नव्हते.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती; ती लांबली तसे दिवस कडक होत गेले. रॉकेल मिळेना, रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायला लागला, त्याच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. आई त्यात हुलग्याचं पीठ मिसळायची आणि पातळ माडगं करून वर काकवीची धार सोडायची. निम्म्या गावातले तरणे गडी पलटणीत. कोळसा कमी म्हणून गाड्याही कमी झाल्या, आणि एक दिवस हुकूम आला, की ज्या ठेसनांवर उतारू कमी ती बंद. आमच्या ठेसनावर उतारू किती असणार? अर्धा मुलूख शपथेवर! सिंगलचे हात काढून नेले, कंदील नेले, खिडकीला फळ्या ठोकल्या. रहमानचाचांची बदली पार कर्नाटकाकडं झाली. शेळ्या घेऊन ते मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात चढले तेव्हा मी फलाटाबाहेर उभी राहून रडत होते. तिथंही, बघा, फलाटाबाहेरच. दुसऱ्या दिवसापासून गाडी आमच्या शिवारातनं शिट्टी फुंकून न थांबता जायला लागली.

मग मी चालायला लागले. जाताना पाच मैल, येताना पाच मैल, दप्तर आणि भाकरी घेऊन रुळाच्या कडेनं. उन्हाळा निघाला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस घरात बसायचं. पायांना चिखल्या झाल्या, त्यावर आई गरम तेल सोडायची आणि शिव्या द्यायची. मला नव्हे, पणज्याला. आषाढात एकदा मी ओढ्यात वाहून जाता जाता वाचले. बाभळीची फांदी हाती लागली म्हणून आज हे लिहितेय. चार दिवसांनी म्हसवडकडनं स्थळ आलं. घर चांगलं, मेंढरं दीडशे, मुलगा पलटणीत. पाव्हणे पोहे खाऊन गेल्यावर आबांनी मला समोर बसवलं.

"इंदे, तुला मारून मला शाळा शिकवायची न्हाई," ते म्हणाले. "दिवाळीपतुर बघू. ठेसन चालू झालं तर शिक, तुज्या मनाजोगतं शिक. न्हाई झालं तर तुळशीचं लगीन झालं की तुजं."

मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती. मला मास्तरीण व्हायचं होतं. का, ते विचारू नका. खडूचा वास आवडायचा म्हणा. त्या रात्री जेवले नाही, एवढं आठवतं. आईनंही आग्रह केला नाही. ती माझ्याजवळ बसून नुसती भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

श्रावणात रुळानं चालताना रूळ तपासायच्या ट्रॉलीवरचे रेल्वेचे साहेब भेटले. चार माणसं ढकलतायत आणि वर छत्री धरून साहेब, मद्रासकडचे, काळेसावळे. मला बघून त्यांनी ट्रॉली थांबवली आणि इंग्रजीत दटावलं, की रुळावरनं चालणं गुन्हा आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेर इंग्रजी बोलले. काय बोलले देव जाणे, क्रियापदं मागंपुढं झाली असणार, पण ठेसन, शाळा, ओढा, दिवाळी एवढं त्यांना कळलं. त्यांनी छत्री मिटली. म्हणाले, दोन्ही गावांनी मिळून एक अर्ज करा. उतारू आहेत असं दिसलं तर साहेबलोक झेंडी दाखवून गाडी थांबवायची परवानगी देतील. मी विचारलं, "पाटीवरचं नाव बदलेल का?" ते हसले. म्हणाले, "मुली, नाव बदलायला लढाईपेक्षा जास्त वर्षं लागतात. तुला नाव पाहिजे की गाडी?"

गाडी! हे काय विचारणं झालं!

अर्ज मी लिहिला. शाळेतल्या मास्तरांनी तपासून दिला. स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत, आणि त्यात सहा ठिकाणी हिवरगाव. आईनं तो पदराखाली घातला आणि ओढा ओलांडून माहेरी गेली. तिथं मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गावचा कारभारी. संध्याकाळी कागद अंगठ्यांनी निळा होऊन परत आला. हिवरगावचं काम झालं. पण बोरजाईचा एक माणूस अंगठा उठवायला तयार नाही. "हवालदार सही करू द्यात, मंग बघू." सगळी भिस्त आबांवर आली.

सोप्यावर बैठक बसली. आबा, गणपा चावडीवाला, आणखी पाचसहा जण. आबा म्हणाले, "वाच. काय लिवलंस ते मराठीत सांग." मी उभी राहिले. कागद हातात थरथरत होता. आईच्या बांगड्या चुलीपाशी वाजायच्या थांबल्या. मी वाचायला लागले आणि पहिल्यांदा ते नाव आलं तिथं माझ्या तोंडातनं निघून गेलं, "बोरजाई स्टेशन." एकदा गेलं ते गेलं. पुढं पाचही ठिकाणी मी बोरजाईच वाचलं. मी ठरवून काही केलं नव्हतं हो! पण थांबलेही नाही. गणपा म्हणाला, "आता कसं! बोरजाई म्हनलं की कसं भारदस्त वाटतंय." आबांनी हात पुढं केला, कागद घेतला, चष्मा लावला, आणि कितीतरी वेळ बघत बसले. मग कागद माझ्याकडं परत दिला.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. सहाच्या सहा ठिकाणी बोरजाई. आबांनी दौत मागितली आणि खाली मोडीत सही केली. त्यांच्यामागं गावानं अंगठे उठवले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. अर्ज मंजूर व्हावा म्हणून बोरजाईला रोज पाणी घालायची आणि मंजूर झाला की पाटी बघून गाव काय म्हणेल ह्याचा धसकाही घ्यायची. आबांनी आख्ख्या गावापुढं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली होती. बापाची मान खाली घालायला लावणारी कार्टी मी! आईला सांगायला जायची आणि नुसतीच पाणी पिऊन परत यायची. दसरा झाला आणि लखोटा आला. गाडी सकाळ-संध्याकाळ झेंडीवर थांबेल, तिकिटं विकायला गावातलाच माणूस नेमा. मी लखोटा वाचताना नाव गाळलं. तिकिटांचं काम मामांकडं आलं.

दिवाळीला आठ दिवस होते. पहिल्या गाडीला दोन्ही गावं लोटली. हिवरगावची माणसं फलाटावर, आमची फलाटाच्या कडेला ओळीनं. आणि समोर पाटी, नवा रंग दिलेली. हिवरगाव. तीन लिप्यांत हिवरगाव.

आमच्या गावात आधी कुजबुज झाली, मग गलका. गणपा पुढं आला. "हवालदार, हे काय? अर्जात बोरजाई हुतं. इंदीनं वाचलं तवा मी सोप्यावर बसलो हुतो." सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा माझ्या पुढं येऊन उभे राहिले.

"पोरीला कुनी बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "पाटी हीच ऱ्हानार हे मला ठावं हुतं. सही मी केली, तुमी माज्या मागं अंगठं दिलं. बोल लावायचा तर मला लावा."

मला वाटलं, मला वाचवायला आबा खोटं बोलतायत. आबा, ज्यांनी जन्मात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं! त्यांनी खिशातनं पुडी काढली. भंडारा होता. चिमूट कपाळाला लावली, देवळाकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, भंडारा माज्या आज्ज्यानं उचलला. मोडतुया मी. काय दंड असंल त्यो मला दे. पोरीला नगं, गावाला नगं." आणि पायताण काढून फलाटावर पाय ठेवला. मागं वळून माझा हात धरला आणि मलाही वर घेतलं. दोन वर्षं रोज गाडीत बसलेली मी, त्या मुरमावर पहिल्यांदा उभी राहिले.

खिडकीत मामा. मेव्हणा सापडल्यावर तो सोडतोय होय! "या दाजी, या. कुठनं कुठं पायजे?" सगळ्या हिवरगावचे कान टवकारलेले. सगळ्या बोरजाईचेही. आबांच्या मिशा जरा हलल्या.

"हिवरगावातनं कराड," ते म्हणाले, मोठ्यानं, कवायतीच्या आवाजात. "दोन. आनि इंदीचा म्हैन्याचा पास. त्योबी हिवरगावचाच."

मामांचं हसू तिथल्या तिथं विरलं. तिकिटं देताना त्यांनी दोन्ही हातांनी दिली. आमच्यामागं बोरजाईची चौघंच चढली त्या दिवशी. गणपा नाही चढला. तो दुसऱ्या दिवाळीला चढला, आणि मग कराडचा बाजार त्यानं कधी चुकवला नाही. पण ते पुढचं.

गाडी हलली. डब्यात आबा समोर बसलेले. मला राहवेना. हुंदका आला आणि सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "आबा, मी खोटं वाचलं. अर्जात बोरजाई नव्हतंच. तुम्ही माझ्यापायी शपथ मोडलीत, माझ्यापायी गावापुढं खोटं बोललात."

"खोटं?" आबा म्हणाले. "मी कवा खोटं बोललो?" त्यांनी माझ्या हातातलं इंग्रजीचं पुस्तक घेतलं आणि त्याच्या पुट्ठ्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवलं. "पलटणीत आमास्नी रोमन लिपी शिकीवली हुती. तोंडची बोली हिंदुस्तानी, लिवायची ह्या अक्षरांत. इंग्रजी मला कळत न्हाई, पर नाव वाचता येतंय. सा जागी हिवरगाव हुतं. तू सा जागी बोरजाई वाचलंस. पुन्यांदा वाचायला लावलं, म्हनलं पोरगी आता तरी खरं सांगंल. पुन्यांदाबी साच."

मी तोंड पदरात लपवलं. मग धीर करून विचारलं, "मग तरी सही का केलीत?"

आबांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "तू उभी हुतीस, थरथरत हुतीस, आनि खोटं वाचत हुतीस. माज्या भ्यानं. म्हनलं, गावाच्या नावापायी माजी पोरगी माज्याच तोंडावर खोटं बोलायला लागली, तर त्या नावाचं काय लोनचं घालायचं?"